विचारा की! : अण्णाच्या निगेटिव्हचं काय करायचं?

मागच्या अंकात ह्या पानाच्या एकदम खाली मी चार ओळी टाकल्या होत्या, की आमचा अण्णा गेला, लातूरला गंजगोलाईच्या, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेच्या, मागच्या गल्लीत ज्याचा फोटो स्टुडिओ होता तो, म्हणून यावेळी उत्तरं थोडकीच आहेत, सांभाळून घ्या. बास. नाव सुद्धा दिलं नव्हतं. तर त्या चार ओळींवर एवढी पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट आले की सुनेची भांडणं, दहावीनंतर काय आणि गुडघेदुखी हे आपले नेहमीचे प्रश्न सगळे पुढच्या अंकात ढकललेत. यावेळी फक्त अण्णा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोमवार ते शनिवार पासपोर्ट फोटो, लग्नं, बारसे, शाळेचे ग्रुप फोटो, आणि रविवारी सकाळी सहाला ज्याला शिकायचंय त्यानं स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसायचं. फी नाही, चहाचे पैसे आळीपाळीनं. तीस वर्षं हे चाललं, रिक्षावाला आला, कंपाउंडर आला, एक तलाठी आला, कॉलेजच्या पोरी तर कितीतरी. मी त्याची शिष्य वगैरे नव्हते हं, आम्ही कॉलेजला एका वर्गात, मी आपली बाजूला बसून चहा पिणारी. माझ्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले आणि अर्ध्या फोटोंत माझे डोळे मिटलेले आहेत, त्यावरून शेवटपर्यंत भांडलो.

"ताई नमस्कार. मी उदगीरचा. २०११ पासून चार वर्षं दर रविवारी पहाटेची एसटी पकडून अण्णांकडं यायचो. आम्ही शिकलेली सतरा-अठरा जणं एका ग्रुपवर आहोत, श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरवायलोत. कोण म्हणतंय हॉल घेऊन त्यांच्या पन्नास फोटोंचं प्रदर्शन लावू, कोण म्हणतंय त्यांच्या नावानं पुरस्कार, कोण म्हणतंय गोलाईत मोठा फ्लेक्स. पण फ्लेक्सला त्यांचा एक पण धड फोटो सापडेना. काय करावं?"

फ्लेक्स नको रे बाबा. त्याचं निम्मं पोट फ्लेक्सवरच भरलं, भावी नगरसेवक हात जोडून यायचे आणि हा त्यांच्या मागची भिंत पुसून आभाळ टाकून द्यायचा, पण छापून आल्यावर दर वेळी कुरकुर एकच, की ह्या लोकांनी चेहरा पार केशरी करून टाकला. आता त्यालाच केशरी करून गोलाईत टांगायचं का?

पुरस्काराचं माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी जोरात होतो, दुसऱ्या वर्षी पैशावरून कुरबूर होते, तिसऱ्या वर्षी कुणाला आठवत नाही. करायचाच असला तर करा, मी येऊन खुर्चीत बसेन.

प्रदर्शन मात्र करा, फक्त त्याच्या पन्नास फोटोंचं करू नका. तुम्हाला आठवत असेल, रोल बंद पडत आले आणि कार्डं आली तरी त्यानं नियम बदलला नाही, कार्ड ३२ जीबीचं असू दे नाहीतर ६४ चं, रविवारी फोटो छत्तीसच, एका रोलमधे मावायचे तेवढेच. आणि मग ते छत्तीसच्या छत्तीस एका ए-फोर कागदावर बारीक बारीक छापून आणायचे, चांगले-वाईट सगळे, डिलीट केलेलं चालायचं नाही. तो भिंग लावून बघायचा आणि लाल पेन्सिल काढायचा. चांगल्या फोटोवर कधी खूण केली का त्यानं? नाही. ज्या फोटोत तुम्ही थोडक्यात चुकला त्यावर गोल करायचा आणि कागदाच्या मागं लिहायचा, "अजून दोन पावलं". "हिच्या हाताकडं बघ, तोंडाकडं नको." "कशाला हसवायलास त्याला?" एकदा एका पोराच्या कागदावर नुसतं "घाई" एवढंच होतं, तेही दोनदा.

ते कागद तुमच्याकडं असतील. पलंगाखाली, वहीत, आईनं रद्दीत टाकले नसतील तर. प्रत्येकानं पाच-पाच आणले तरी हॉल भरंल. कागद मधोमध टांगा म्हणजे मागची बाजू पण वाचता येईल, आणि शेजारी ज्यानं तो फोटो काढला त्याला उभं करा, बघायला आलेला माणूस विचारेल की इथं काय चुकलं होतं, आणि मग तुम्ही सांगाल. अण्णाचा आवाज त्या हॉलमधे पाहिजे असेल तर मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

राहिला त्याचा फोटो. आहेत, भरपूर आहेत, तुम्ही चुकीच्या जागी शोधायलात. फिल्मचा रोल घातला की सुरुवातीला दोन-तीन वेळा कॅमेरा नुसता चालवावा लागतो, लोड करताना ऊन लागलेली फिल्म पुढं सरकायला, ते फोटो कुणी मोजत नाही. अण्णा चिकट, तो ते पण डेव्हलप करून ठेवायचा. मागच्या आठवड्यात मी आणि वहिनी, त्याची बायको, निगेटिव्हच्या स्ट्रिपा उजेडाला धरून बघत बसलो तर प्रत्येक रोलच्या टोकाला अर्धा काळा पडलेला एक फ्रेम, आणि त्यात काय, तर त्याचा गुडघा. त्याची चप्पल. स्टुडिओचा पंखा. काचेचा ग्लास, त्यात तळाला चहा. एकात आरशासमोर कॅमेरा पोटापाशी धरून लोड करतोय, खाली बघतोय, केस आहेत अजून डोक्यावर. तोच लावा. पोस्टकार्डाएवढा पुरे.

"मी त्यांचा पुतण्या. काकांच्या माळ्यावर निगेटिव्हचे चाळीसेक खोके आहेत, वर पत्रा. भंगारवाला येऊन बघून गेला, म्हणतोय ब्लॅक अँड व्हाइट तेवढे किलोवर घेतो, कलरचे नको. काही खोक्यांना आंबट वास यायलाय. घरातले म्हणतात जागा अडली. खरंच ठेवण्यासारखं आहे का ते?"

भंगारवाला हुशार आहे. ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममधे जे काळं दिसतं ना ती चांदी असते, आणि कलर फिल्ममधली चांदी धुतानाच निघून जाते, म्हणून त्याला कलर नको. त्याला एकही खोका द्यायचा नाही. आणि हे मी का म्हणायलेय ते तुला तुझ्या काकानं सांगितलं नसेल, कारण तो हे कुणाला सांगत नसे.

१९९० पर्यंत अण्णानं स्वतःच जुन्या निगेटिव्ह भंगारात दिल्या होत्या. सगळेच स्टुडिओवाले द्यायचे, लग्न होऊन दोन वर्षं झाली, अल्बम दिला, पैसे आले, आता कोण विचारतंय. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली, तीन वाजून छप्पन मिनिटं, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. भूकंप. किल्लारी, सास्तूर, तो सगळा पट्टा. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं ओझं, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं, दहा हजाराच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं पार उद्ध्वस्त. अण्णा दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून गेला, चार रोल घेऊन, आणि साडेतीन रोल कोरे परत आणले. तिथं काय काढलं हे मी त्याला कधी विचारलं नाही.

पुढचं मात्र मी डोळ्यानं बघितलंय. दहा-बारा दिवसांनी माणसं स्टुडिओत यायला लागली. तुम्ही आमच्या भावाच्या लग्नात फोटो काढले होते, त्यात आमची आई होती, एखादा निघंल का. अल्बम घरासोबत गेलेले, भिंतीवरच्या तसबिरी गेलेल्या, माणूस गेलेलं आणि त्याचं तोंड दाखवायला घरात काही उरलेलं नाही. अण्णा रात्र रात्र डार्करूममधे. लग्नाच्या पंगतीतनं, मांडवाच्या कोपऱ्यातनं, कुणाच्या तरी खांद्यामागनं एक चेहरा शोधायचा, एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरनं मोठा फोटो पाडायचं यंत्र, वर वर नेत तो मोठा करायचा, दाणे फुटेपर्यंत. पैसे घेतले नाहीत. कागद संपला तर सोलापूरहून उसना आणला. ते सगळं ठीक, पण एक म्हातारे गृहस्थ आले आणि म्हणाले ८९ चं लग्न, आणि अण्णानं कपाट उघडलं, बंद केलं, आणि बराच वेळ तसाच पाठमोरा उभा राहिला. ८९ चा खोका चांदीत गेला होता.

तेव्हापासनं एक निगेटिव्ह त्यानं टाकली नाही. म्हणून चाळीस खोके. आता तुला विचारायचं असेल तर विचार घरातल्यांना, जागा अडली का ते.

आता काय करायचं ते सांगते, हे मी त्याच्याकडनं ऐकून ऐकून पाठ केलेलं आहे. पहिलं म्हणजे उद्याच्या उद्या ते पत्र्याखालनं काढ. आपल्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ डिग्री असतं तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल. खालच्या खोलीत ठेव, बाहेरच्या भिंतीला चिकटून नको, स्वयंपाकघराजवळ नको, जमिनीवर टेकवून नको. आंबट वासाचे खोके वेगळे काढ, लगेच, कारण ती फिल्म ज्या अॅसिटेटची असते ते सडायला लागलं की व्हिनेगरचा वास सुटतो आणि तो वास बंद खोलीत शेजारच्या चांगल्या फिल्मला पण नासवतो. नासलेल्या आधी स्कॅन करायच्या, त्यांना वेळ कमी आहे. बुरशी दिसली म्हणून पाण्यानं धुवायला जाऊ नको, मऊ ब्रशनं नाहीतर हवेच्या फुग्यानं धूळ उडव, कडेनं धर, मधे बोट लागलं की कायमचं लागलं. बटर पेपरची पाकिटं चालतील, ते चकचकीत पीव्हीसीचे कव्हर मिळतात ते नको, चिकटतात.

स्कॅनर मिळाला तर २४०० डीपीआय पुरे, ३५ एमएम च्या फ्रेमची ८ बाय १२ इंचाची प्रिंट आरामात निघते. नाही मिळाला तर एका फोनवर पांढरा स्क्रीन लाव, वर दुधी काच दोन-तीन बोटं उंच ठेव नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात, काचेवर निगेटिव्ह, आणि दुसऱ्या फोननं वरनं फोटो, मग त्याचे रंग उलटे करायचे, काळ्याचं पांढरं. छापायला नाही, पण कुठल्या पाकिटात कोण आहे हे कळायला भरपूर झालं. आणि पाकिटावर त्यानं पेन्सिलीनं गाव आणि वर्ष लिहिलेलं आहे, ते आधी वहीत उतरून घे, फोटोपेक्षा ते महत्त्वाचं, नाव नसलेला फोटो वीस वर्षांनी कुणाचाच नसतो.

स्कॅन झाले की कॉपी तीन, दोन वेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. एकाच ठिकाणी ठेवलं की काय होतं ते आपल्या अजिंठ्याला विचारा. मेजर गिल नावाचा इंग्रज १८४४ पासून तिथं राहून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करत होता, वर्षानुवर्षं, त्या लंडनला क्रिस्टल पॅलेसमधे लावल्या आणि १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलचे ग्रिफिथ्स विद्यार्थी घेऊन आले, १८७२ ते १८८५ परत नकला केल्या, त्यातल्याही कितीतरी लंडनच्याच दुसऱ्या म्युझियमच्या आगीत गेल्या. दोनदा! अण्णा हे रविवारच्या पोरांना सांगायचा आणि वर म्हणायचा, गिलनं शेवटी कॅमेरा घेतला बघा, शहाणा झाला. (गिलचे अजिंठा-वेरूळचे फोटो आहेत, १८६४ ला पुस्तकात छापलेले.)

"आम्ही लातुरातले काही स्टुडिओवाले अण्णांच्या फोटोंचं कॅलेंडर काढणार आहोत, विक्रीतून वहिनींना मदत. काही निगेटिव्ह अण्णांनीच आम्हाला दिलेल्या आहेत. एक जण म्हणतो परवानगी लागते, एक म्हणतो मेलेल्या माणसाचा कसला कॉपीराइट."

दुसरा चुकतोय. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, तेव्हापासनं फोटोचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि तो गेल्यावर पुढं साठ वर्षं. तो वारसांकडं जातो, म्हणजे वहिनी आणि मुलांकडं. अण्णानं निगेटिव्ह हातात दिली म्हणजे हक्क दिला असं होत नाही, हक्क द्यायचा तर लिहून सही करून द्यावा लागतो, आणि अण्णा कसली सही करतोय, त्याची बिलं पण सिगारेटच्या पाकिटावर असायची.

आणि अजून एक मेख आहे. लग्नाचे वगैरे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरनं काढलेले फोटो, त्यांचा पहिला मालक तो पैसे देणारा, वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तेव्हा कॅलेंडरला त्यानं स्वतःच्या हौसेनं काढलेले घ्या, नळदुर्गचा पावसाळ्यातला नर-मादी धबधबा, माळेगावच्या यात्रेतले घोडे, २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हाचे स्टेशनवरचे. कुणाच्या सुनेचा घुंघट बारा महिने भिंतीवर नको. वहिनींची एका कागदावर सही घ्या, किती कॉपी, किती पैसे, सगळं लिहून. माणसं चांगली असतात तेव्हाच लिहून घ्यायचं असतं.

"बीड जिल्हा, नाव छापू नका. सगळे अण्णा अण्णा करायलेत म्हणून लिहितो. मी २००४ ला त्यांच्याकडं गेलो होतो. सगळ्यांसमोर माझी प्रिंट टेबलावर आपटून म्हणाले, हे फोटो काढायचे तर दुकान टाक भावा, इथं कशाला आलास. मी परत कॅमेरा धरला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात."

बोला की. खरं आहे तुमचं, तो असं करायचा. सगळ्यांशी नाही, ज्याला थोडं येतं त्याच्याशी, आणि हे मी त्याचा बचाव म्हणून सांगत नाही, उलट जास्त वाईट आहे. येत नाही त्याला तो तासभर एका शटरवर समजवत बसायचा आणि येतंय त्याला चारचौघांत सोलायचा. मी त्याला एकदा म्हणाले होते की तू मास्तर होशील पण माणसाला घरी जाताना सायकल ओढत जावं लागतं, तर हसला. पुढं पुढं निवळला, मुलगी मोठी झाली आणि तिनं एक दिवस त्याला त्याच्याच भाषेत सुनावलं त्यानंतर. तुमच्या वाट्याला आधीचा अण्णा आला. तुम्ही त्याला माफ करावं असं काही मी म्हणणार नाही. पण उदगीरच्या पोरांचं प्रदर्शन झालं तर तुमची ती प्रिंट, असेल तर, तुम्ही तिथं आणून लावा आणि खाली लिहा त्यानं काय म्हटलं ते, शब्दानं शब्द. मी त्या पोरांना सांगून ठेवते.

"मी परभणीची, बी.ए. दुसऱ्या वर्षाला. अण्णांकडं मी तीनच रविवार येऊ शकले, मग ते गेले. माझ्याकडं कॅमेरा नाही, साधा मोबाईल आहे. आता मला कोण शिकवणार?"

पोरी, तीन रविवारात तुला त्यानं काय सांगितलं असेल ते मी सांगू शकते कारण पहिले तीन रविवार सगळ्यांना तेच असायचे. लेन्स ओढणीनं पूस. झूम करू नको, चाल. आणि वेरूळला जायचं नाही अजून.

हे वेरूळचं सगळ्यांना खटकायचं. मार्चमधे दहा नंबरच्या लेण्यात सूर्याचे किरण थेट आत बुद्धाच्या मूर्तीवर येतात, सगळे फोटोवाले धावतात, आणि हा म्हणायचा नवीन पोरानं जायचं नाही, तिथं ऊनच एवढं शहाणं आहे की फोटो ते काढतं, तू नाही. आधी घरी जा. घरातलं एक माणूस धर, एकच, आणि महिनाभर त्याचं एकच काम. आजी ज्वारी निवडते तर ज्वारी. बापू दाढी करतात तर दाढी. "इकडं बघ" म्हणायचं नाही, हसवायचं नाही, फोटो रोज पाच. पहिला आठवडा माणूस अवघडतं, दुसऱ्या आठवड्यात वैतागतं, तिसऱ्या आठवड्यात विसरतं, आणि फोटो चौथ्या आठवड्यात मिळतो.

आपल्याकडच्या उन्हाचं पण त्याचं एक होतं. कॅमेरावाल्यांचा जुना हिशेब आहे, लख्ख उन्हात अॅपर्चर (लेन्सचं भोक) १६ आणि शटर फिल्मच्या आकड्याएवढं, म्हणजे १०० च्या फिल्मला सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास. मोबाईलमधे अॅपर्चर बदलत नाही त्यामुळं तुला ते उपयोगाचं नाही, तुझ्यासाठी ढाळज, म्हणजे वाड्याच्या दारालगतची छपराखालची ओसरी. दुपारी बाराच्या उन्हात माणूस अंगणात उभं केलं की डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. तेच माणूस ढाळजेत आण, उंबऱ्यापासनं एक हात आत बसव, तोंड बाहेर अंगणाकडं. अंगणातलं ऊन जमिनीवर आपटून मऊ होऊन आत येतं, मागं अंधार. मग मोबाईलवर चेहऱ्याला बोट लाव, धरून ठेव, आणि उजेड जरा खाली ओढ, कारण मोबाईलला सगळं गोरं करायची हौस असते. वाडा नसेल तर फ्लॅटचं दार, टपरीचं शटर, रिक्षाची मागची सीट, काहीही चालतं, त्यानं एकदा एसटीच्या दारात काढून दाखवला होता, कंडक्टर ओरडत होता तरी.

अजिंठ्याला गेलीस तर फ्लॅश बंद, तिथं चालतच नाही, रंग जातात. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात ते मोबाईलमधे ठिपके दिसतील, नुसते बघून ये.

शिकवणार कोण, तर उदगीरवाल्यांना तुझा नंबर देते आहे, तू हो म्हणालीस तर. सतरा-अठरा जण आहेत, एक तरी रविवारी मोकळा असेल. छत्तीस फोटो, एक कागद.

"जालन्याहून. माझे वडील ७१ वर्षांचे, आयुष्यभर हौसेनं फोटो काढले, आता सगळे मोबाईल आणि गूगलवर. तुमची बातमी वाचून घाबरलो. आत्ताच काय करून ठेवावं?"

वडलांना घेऊन बसा, त्यांना घाबरवू नका, त्यांचेच फोटो बघायला म्हणून बसा. गूगलमधे निष्क्रिय खात्याची एक सेटिंग असते, खातं अमुक महिने, कमीत कमी तीन, वापरलं गेलं नाही तर डेटा कुणाला द्यायचा ते आधीच सांगता येतं, दहा जणांपर्यंत. ती भरून घ्या. नाहीतर दोन वर्षं कुणी हात लावला नाही की गूगल ते खातं काढून टाकू शकतं, आणि नंतर मृत्यूचा दाखला घेऊन अर्ज करत बसायचं, पासवर्ड ते देत नाहीतच. फेसबुकवर पण आपल्या मागं खातं कुणी बघायचं ते नेमता येतं. व्हॉट्सअॅपवरनं फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर बारीक होतो. आणि शंभर फोटोंच्या प्रिंट काढा, त्यांना निवडू द्या, मागं पेन्सिलीनं नावं त्यांच्याच अक्षरात. अण्णाचा मोबाईल अजून वहिनींच्या उशाशी आहे, बंद, पॅटर्न कुणालाच माहीत नाही.

"ताई, आम्ही किल्लारीजवळच्या पुनर्वसित गावातले. १९९१ ला माझ्या चुलत्याच्या लग्नात अण्णांनी फोटो काढले होते असं घरात सांगतात. माझी आजी त्या लग्नात होती. मी तेव्हा जन्मले नव्हते, तिला कधी बघितलं नाही. भूकंपानंतर आमच्यातलं कुणी लातूरला यायच्या परिस्थितीत नव्हतं, मग राहूनच गेलं. आता विचारायला उशीर झाला का?"

नाही झाला. तुमचा मेसेज आल्यावर मी आणि पुतण्या दोघं माळ्यावर गेलो, ९१ चे खोके दोन आहेत, त्याला आंबट वास नाही. तुमच्या जुन्या गावाच्या नावाची पाकिटं तीन निघाली, आडनाव एकावर पण नाही, नुसतं "मांडव", "मांडव" आणि "पंगत". पंगतीच्या पाकिटात बाया वाढायलेत असे सहा-सात फ्रेम आहेत, त्यातल्या चौघी-पाचजणी आजी असाव्यात अशा वयाच्या, त्यातली तुमची कोणती ते मला कसं कळणार. तुमच्या घरात ज्यानं तिला बघितलंय अशा माणसाला सोबत घेऊन या, चुलते असतील तर चुलते. रविवारी या, सकाळी सहाच्या पुढं कधीही, स्टुडिओ उघडा असतो, पुतण्या उघडतो आता. भिंग टेबलाच्या डाव्या ड्रॉवरमधे आहे.